खाणी व कारखान्यांतील छायाचित्रण
खाणी, कारखाने, भुयारे इत्यादींच्या अंतर्भागात अंधार, धूळ, वाफ, उष्णता व यंत्रांची कंपने यांना तोंड देऊन केलेले छायाचित्रण. त्याचा इतिहास मुख्यतः कृत्रिम प्रकाशाच्या शोधाचा आहे. तथापि कामगारांच्या जीवनातील कोणता भाग जगासमोर आला व कोणता दृष्टीआड राहिला, हेही या प्रकाशाच्या मर्यादांनीच पुष्कळ अंशी ठरविले.

फ्रेंच छायाचित्रकार नादार (१८२०–१९१०) याने १८६० नंतरच्या दशकात पॅरिसच्या जुन्या दगडखाणींतील अस्थिभांडारात व भुयारी गटारांत विद्युत् प्रज्योत दिव्याच्या साहाय्याने छायाचित्रे घेतली. विद्युत् घटमाला रस्त्यावर ठेवून तारा खाली सोडाव्या लागत. एका चित्रास १८ मिनिटांपर्यंत वेळ लागे. एवढा वेळ निश्चल राहणे माणसास अशक्य असल्याने त्याने कामगारांच्या वेषातील पुतळे उभे केले. टिमथी ओसलिव्हन याने १८६७–६८ मध्ये अमेरिकेतील नेव्हाडा राज्यातल्या कॉमस्टॉक चांदीच्या खाणींत मॅग्नेशियम जाळून चित्रे घेतली. कोलोडिऑनचा लेप ओला असतानाच काचेवर चित्र घेऊन ते विकसित करावे लागत असल्याने खाणीत हे काम फार कष्टाचे होते.

इंग्लंडमध्ये कॉर्नवॉल येथील जे. सी. बरो याने डॉलकोथ व इतर कथील-तांब्याच्या खाणींचे चित्रण केले. ते १८९३ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले. मॅग्नेशियमच्या धुराने खाणीतील हवा गढूळ होई आणि भिंगावर बाष्प जमे. त्याच वर्षी डॉलकोथमध्ये आधाराची लाकडे कोसळून ७ कामगार मृत्युमुखी पडले. या खाणींत ज्वालाग्राही वायूचा धोका फारसा नसल्याने उघडी ज्योत वापरता येई. मिथेनयुक्त कोळशाच्या खाणीत तीच ज्योत स्फोटास कारण ठरू शकते. म्हणून जेथे कामगाराचा जीव अधिक धोक्यात होता, तेथेच छायाचित्रण अधिक दुष्कर होते.

मीटे व गेडिके यांनी १८८७ मध्ये जर्मनीत मॅग्नेशियम व पोटॅशियम क्लोरेट यांचे क्षणार्धात जळणारे चूर्ण तयार केले. त्यामुळे हालचाल टिपणे शक्य झाले. ल्यूइस हाइन याने १९०८ पासून अमेरिकेतील राष्ट्रीय बालमजूर समितीसाठी गिरण्या, काचकारखाने व खाणी यांत राबणाऱ्या मुलांची चित्रे घेतली. मालक प्रवेश नाकारीत, तेव्हा तो वेगवेगळी निमित्ते सांगून आत जाई. जानेवारी १९११ मध्ये पेनसिल्व्हेनियात त्याने कोळसा निवडणाऱ्या मुलांचे चित्रण केले. अशा चित्रांनी लोकमत जागृत झाले. मात्र बालमजुरीवर टिकाऊ राष्ट्रीय निर्बंध १९३८ च्या कायद्यानेच आले.

मार्गारेट बर्क-व्हाइट हिने १९२७–२८ च्या हिवाळ्यात क्लीव्हलंडच्या ओटिस पोलाद कारखान्यात चित्रे घेतली. वितळलेल्या पोलादाचा तांबूस प्रकाश डोळ्यांना प्रखर भासे; परंतु तत्कालीन फिल्म तांबड्या रंगास संवेदनशील नसल्याने तिच्यावर त्याचा ठसा उमटत नसे. अखेर मॅग्नेशियमच्या मोठ्या मशालींनी ही अडचण दूर झाली. १९५० मध्ये तिने जोहॅनिसबर्गच्या सोन्याच्या खाणीत खोलवर उतरून घामाने निथळणाऱ्या दोन खाणकामगारांचे चित्र घेतले. चित्राच्या शीर्षकात त्यांच्या नावांऐवजी क्रमांकच आहेत.

भारतात सुनील जाना (१९१८–२०१२) यांनी खाणी व पोलाद उद्योग यांबरोबरच तेथील श्रमिकांचेही चित्रण केले. मुंबईचे मित्तर बेदी (१९२६–८५) हे व्यावसायिक औद्योगिक छायाचित्रणाचे अध्वर्यू होत. त्यांच्या चित्रांत यंत्रे, नळ व टाक्या यांच्या रचनेस प्राधान्य आढळते.

विद्युत् दीप्तिगोलक, इलेक्ट्रॉनिक दीप्ती व पुढे अंकीय कॅमेरे यांमुळे अंधाराची अडचण बव्हंशी दूर झाली. वायुयुक्त खाणीत मात्र ठिणगी न उडणारी उपकरणेच वापरावी लागतात. याशिवाय व्यवस्थापनाची परवानगी ही जुनी अट कायम आहे. त्यामुळे असे चित्र पाहताना ते कोणासाठी व कोणाच्या संमतीने घेतले गेले, हेही ध्यानात घेणे आवश्यक ठरते.