चार दातांचा फरक: जीपच्या अ‍ॅक्सलचा इतिहास

१/ दुसऱ्या महायुद्धातील जीप अमेरिकी लष्कराच्या दप्तरी ‘ट्रक, पाव टन, फोर बाय फोर’ अशी नोंदलेली होती. आज अशी जुनी गाडी दुरुस्त करू पाहणाऱ्याची खरी परीक्षा अ‍ॅक्सलपाशी होते. कागदपत्रांवर साल असते, पण केवळ सालावरून योग्य सुटा भाग ठरत नाही. याचे कारण युद्धकाळात आणि त्यानंतर लगेच घडलेल्या घडामोडींत आहे.

२/ १९४१ नंतर ही जीप दोन कंपन्या बनवू लागल्या. विलिसची ‘एमबी’ आणि फोर्डची ‘जीपीडब्ल्यू’. एकीचा भाग दुसरीला बसलाच पाहिजे, ही लष्कराची गरज होती. मोडक्या दोन गाड्यांतून एक धावती गाडी उभी राहावी, हा त्यामागचा हिशेब. फोर्डने बोल्टांच्या माथ्यावर ‘एफ’ हे अक्षर उमटवले, मापे मात्र तीच ठेवली.

३/ या एकसारखेपणाला पुढच्या अ‍ॅक्सलमध्ये तडा गेला. वळत्या चाकाला समान वेगाने गती पोहोचवणारा सांधा घडवणे हे नाजूक काम होते. म्हणून एकाच गाडीसाठी बेन्डिक्स, रझेपा, ट्रॅक्टा आणि स्पायसर अशा चार प्रकारचे सांधे वापरले गेले. बाहेरून अ‍ॅक्सल तोच दिसतो. पण एका प्रकारच्या सांध्याचा अर्धा तुकडा दुसऱ्या प्रकाराशी जुळत नाही.

४/ १९४५ मध्ये विलिसने ‘सीजे-२ए’ ही नागरी जीप आणली. तिचे गिऱ्हाईक शेतकरी. नांगर ओढायचा तर वेग कमी आणि ओढ जास्त हवी. त्यासाठी क्राउन-पिनियनचे दाते बदलले. लष्करी जीपमध्ये ३९ आणि ८ दाते, म्हणजे प्रमाण सुमारे ४.८८. नागरी जीपमध्ये ४३ आणि ८, म्हणजे सुमारे ५.३८. फरक अवघ्या चार दातांचा.

५/ नेमकी इथेच फसगत होते. सुरुवातीच्या काही सीजे-२ए गाड्यांना मागे लष्करी धाटणीचाच ‘फुल-फ्लोटिंग’ अ‍ॅक्सल होता: बाहेरून एमबीसारखा, आतील दाते वेगळे. पुढे त्याच मॉडेलला ‘सेमी-फ्लोटिंग’ अ‍ॅक्सल आला. म्हणजे मॉडेल एक, पण मागचे अ‍ॅक्सल वेगवेगळ्या जातींचे.

६/ जात ओळखायची तर चाकाचा मध्य पाहावा. फुल-फ्लोटिंगमध्ये गाडीचा भार नळकांड्यावर असतो. हबवरचे बोल्ट काढले की चाक न उतरवता शाफ्ट बाहेर येतो. त्या काळच्या सेमी-फ्लोटिंग अ‍ॅक्सलमध्ये शाफ्टच्या निमुळत्या टोकावर हब चावी आणि नटाने घट्ट बसवलेला असतो. तो काढायला पुलर लागतो. इथे भार शाफ्टवरच असल्याने शाफ्ट तुटला तर चाकच निखळू शकते.

७/ दात्यांची चूक अधिक महाग पडते. या जीपला मधला डिफरन्शियल नाही. फोर-व्हील लावले की पुढचा आणि मागचा प्रोपेलर शाफ्ट एकाच वेगाने फिरतात. एका बाजूला ४.८८ आणि दुसऱ्या बाजूला ५.३८ असेल, तर पुढच्या-मागच्या चाकांच्या वेगात सुमारे दहा टक्के तफावत पडते. चिखलात चाके घसरून ती निभावून नेतात. पक्क्या रस्त्यावर मात्र सारा ताण ट्रान्सफर केस आणि शाफ्टवर येतो.

८/ भारतात हे दोन्ही वंश एकत्र आले. महायुद्धानंतर विक्रीस निघालेल्या लष्करी जीप इथे होत्याच. महिंद्रांनी मुंबईत विलिस जीपची जुळणी सुरू केली. पुढे एकीचे भाग दुसरीला लावताना बाह्य साम्य हाच धोका ठरू शकत होता.

९/ म्हणून भाग विकत घेण्याआधी मोजणी करावी. गिअर न्यूट्रलमध्ये ठेवावा. मागचे एक चाक जमिनीवर, दुसरे उचललेले. उचललेले चाक बरोबर दोन फेरे फिरवावे आणि प्रोपेलर शाफ्टचे फेरे मोजावेत. पाचाला थोडे कमी भरले तर ४.८८, सव्वापाचाच्या पुढे गेले तर ५.३८. पुढच्या अ‍ॅक्सललाही हीच कसोटी लावावी. दोन्ही उत्तरे जुळली तरच गाडी फोर-व्हीलमध्ये घालावी. (समाप्त)