कारण : ताप

बारावीनंतर जात पडताळणीसाठी जुने कागद शोधायचे असतात, हे वऱ्हाडातल्या बहुतेक घरांना ठाऊक आहे. माझ्या इंजिनिअरिंगच्या प्रवेशाच्या वेळी बाबांनी बऱ्याच खेपा घालून कोतवाल बुकाची नक्कल मिळवली. आमचं घर तेव्हा बाळापूर तालुक्यातल्या एका खेड्यात होतं. अकोल्याच्या जुने शहरात आम्ही नंतर आलो. मला हवा होता जातीचा रकाना, पण नजर शेजारी अडकली. पणजोबांच्या थोरल्या भावाची मृत्यूनोंद होती. ऑक्टोबर 1923, वय 7, कारण : ताप. त्याच पानावर आणखी चार 'ताप' होते.

कोतवाल काही डॉक्टर नव्हता. अंग तापलं आणि माणूस गेला, एवढंच त्याला दिसायचं. मलेरिया, टायफॉइड, न्यूमोनिया, सगळं त्या एका शब्दात मावायचं. 1918 च्या इन्फ्लुएन्झाचे बळीही अनेक नोंदवह्यांत 'ताप' म्हणूनच उतरले. पावसाळा सरल्यानंतरचा ऑक्टोबर म्हणजे हिवतापाचे दिवस, म्हणून माझा संशय तिकडे जातो. पुरावा मात्र काही नाही.

ती नक्कल आजीला वाचून दाखवली, तेव्हा तिनं स्वतःचीच गोष्ट काढली. 1976 च्या सुमारास, मोर्णेच्या काठावरच्या आमच्या याच घरात, तिला ताप आला होता. "पहिले हिव भरे, मंग ताप, मंग घामच घाम. दुसऱ्या दिवशी चांगली, तिसऱ्या दिवशी पुन्हा खाटेवर." जुनी माणसं याला एकांतरा म्हणत. हिवतापवाला कर्मचारी घरी आला, बोटाला सुई टोचून काचेवर रक्त घेतलं, कडू गोळ्या दिल्या. बऱ्याच दिवसांनी निरोप आला, रक्तात काही निघालं नाही.

"मंग मले झालतं काय?" आजीनं मला विचारलं. त्या प्रश्नापासून मी वाचायला लागलो.

ते वर्ष साधं नव्हतं. देशात 1953 मध्ये हिवताप नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला, तेव्हा वर्षाला साडेसात कोटी रुग्ण आणि आठ लाख मृत्यू होत असल्याचा अंदाज होता. डीडीटीच्या फवारणीनं 1965 पर्यंत रुग्ण एक लाखाच्या आसपास आले. मग ढिलाई आली, डास डीडीटीला सरावले, आणि 1976 मध्ये नोंदलेले रुग्ण 64 लाखांवर गेले. आजी बहुधा त्या लाटेतली, पण त्या 64 लाखांत ती नाही. तिची काच कोरी निघाली होती.

असं कसं होतं? काचेवर असतो एक थेंब, त्या एका क्षणाचा. परजीवी थोडे असतील किंवा गोळी आधीच पोटात गेली असेल, तर सूक्ष्मदर्शकाखाली काही दिसत नाही. लाव्हरान यांनी 1880 मध्ये अल्जीरियात हा परजीवी पहिल्यांदा पाहिला आणि रोनाल्ड रॉस यांनी 20 ऑगस्ट 1897 रोजी सिकंदराबादेत तो डासाच्या पोटात शोधला. तेव्हापासून काच हाच हिवतापाचा मोठा पुरावा. पण ती फक्त आजचं सांगते.

कालचं सांगणारी खूण त्याआधीही माणसं शोधत होती. 1840 च्या दशकात यमुनेच्या कालव्याकाठच्या गावांत डेम्पस्टर नावाच्या डॉक्टरानं लोकांची पोटं चाचपून प्लीहा, म्हणजे आपल्याकडची पानथरी, किती जणांची वाढली आहे ते मोजलं. परजीवीचा पत्ता लागण्याच्या कितीतरी आधी शरीर नोंद ठेवतं हे त्यानं ओळखलं होतं.

दुसरी नोंद रक्तात असते. परजीवी शिरला की शरीर त्याच्या प्रथिनांना चिकटणाऱ्या अँटिबॉडी, म्हणजे प्रतिपिंडे, बनवतं. परजीवी गेला तरी त्या काही काळ उरतात. 1961 मध्ये गॅम्बियातल्या प्रौढांच्या रक्तातल्या अँटिबॉडी काढून आजारी मुलांना दिल्या, तर मुलांच्या रक्तातले परजीवी घटले. म्हणजे या अँटिबॉडी लढतातही. पण त्या मोजून गावाचा इतिहासही वाचता येतो.

कोविडमधला सेरो सर्व्हे आठवत असेल. जुलै 2020 मध्ये मुंबईच्या तीन वॉर्डांत तपासलेल्या लोकांपैकी झोपडपट्टीत 57 टक्के आणि इतरत्र 16 टक्के लोकांच्या रक्तात अँटिबॉडी सापडल्या. कितीतरी जणांना आपल्याला कोविड होऊन गेला हे माहीतही नव्हतं. हिवतापात हेच तंत्र फार आधी वापरलं गेलं, आणि तेही जिथे मराठी घरं आहेत अशा एका बेटावर. मॉरिशसला एकोणिसाव्या शतकात कोकणातून उसाच्या मळ्यांवर मजूर गेले. तिथे 1860 च्या दशकात हिवतापानं हजारो माणसं मेली. शंभरेक वर्षांनी रोग संपला असं वाटलं, तेव्हा ब्रुस-च्वाट आणि सहकाऱ्यांनी लोकांचं रक्त तपासून 1973 मध्ये निष्कर्ष मांडला. तर्क सोपा होता. मोठ्यांच्या रक्तात जुन्या खुणा असतील, पण नंतर जन्मलेली मुलं कोरी असतील, तर रोग मधेच कुठेतरी थांबला. त्याच वर्षी मॉरिशसला हिवतापमुक्तीचं प्रमाणपत्र मिळालं. 1975 मध्ये गर्व्हेज चक्रीवादळ आलं आणि हिवताप परतला. रक्तातली नोंद झालेलं सांगते, होणारं नाही.

आणि झालेलंही कधी झालं, हे चटकन सांगत नाही. माझ्या कामाच्या भाषेत ही टाइमस्टॅम्प नसलेली लॉग फाइल. अँटिबॉडी गेल्या महिन्यातली की पाच वर्षांपूर्वीची? यावर तोडगा असा की सगळ्या अँटिबॉडी एकाच वेगानं ओसरत नाहीत. काही लवकर जातात, काही वर्षानुवर्षं टिकतात. कोणती उरली आणि कोणती गेली, यावरून काळ काढता येतो. 2015 मध्ये युगांडातल्या 186 मुलांच्या रक्तात 856 प्रथिनांविरुद्धच्या अँटिबॉडी तपासल्या गेल्या. त्यांतल्या फक्त तीन पाहून संसर्ग गेल्या 30, 90 की 365 दिवसांत झाला, हे बऱ्यापैकी अचूक सांगता आलं. भारतातही राउरकेला, नडियाद आणि चेन्नई इथल्या 353 नमुन्यांवर असं काम 2017 मध्ये प्रसिद्ध झालं. 2019 मध्ये गोव्यातल्या रुग्णालयातल्या रुग्णांवरचंही.

'अलीकडे' हा शब्द एवढा मोलाचा का? कारण व्हायव्हॅक्स. हिवतापाचा हा परजीवी यकृतात झोपून राहतो आणि काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी उठून पुन्हा ताप आणतो. झोपलेल्याला ना काच पकडते, ना रॅपिड टेस्ट. पण अलीकडे संसर्ग झाल्याचं कळलं, तर यकृतात कोणी झोपलं असण्याची शक्यता मोठी. 2020 मध्ये थायलंड, ब्राझील आणि सॉलोमन बेटांवरच्या अभ्यासात आठ अँटिबॉडींवरून गेल्या नऊ महिन्यांतला व्हायव्हॅक्सचा संसर्ग ओळखता आला. पकडण्याची क्षमता 80 टक्के आणि निर्दोषांना सोडण्याचीही 80.

80 टक्के ऐकून मी खूश झालो होतो. मग हिशोब केला. समजा, हजार लोकांच्या गावात 20 जणांना संसर्ग झाला आहे. चाचणी त्यातले 16 पकडेल. उरलेल्या 980 पैकी 196 जणांवर मात्र उगाच बोट ठेवेल. झोपलेल्या परजीवीवरचं औषध, प्रायमाक्विन, भारतात 14 दिवस देतात. ज्यांच्यात जी-सिक्स-पीडी हे विकर कमी असतं, त्यांच्या तांबड्या पेशी त्यानं फुटू शकतात. 16 जणांसाठी 212 जणांना ते द्यायचं का? हा निर्णय चाचणी घेत नाही, माणसांना घ्यावा लागतो. आणि आज अंगात ताप असेल, तर अँटिबॉडी चाचणीचा उपयोग नाही. त्याला काच किंवा परजीवीचं प्रथिन शोधणारी रॅपिड टेस्टच हवी.

भारताला 2030 पर्यंत हिवताप संपवायचा आहे. महाराष्ट्रात गडचिरोलीवर मोठं ओझं आहे. रुग्ण जसे कमी होतील, तसे काचेवर सापडणारेही कमी होतील, आणि कोरी काच म्हणजे रोग नाही असं मानण्याचा मोह वाढेल. आजीची काचही कोरीच होती.

दिवाळीला घरी गेलो तेव्हा तिला सांगितलं, की तेव्हा रक्त पुन्हा तपासून अँटिबॉडी मोजल्या असत्या, तर कळलं असतं. आता जवळजवळ पन्नास वर्षांनी एखादी खूण उरलीही असेल, पण ती त्याच तापाची असं कोणी सांगू शकणार नाही.

"म्हणजे तुले बी मालूम नाही," ती म्हणाली.

"नाही मालूम. पण काच कोरी निघाली म्हणून तुला हिवताप नव्हता, असं नाही."

तिनं मान हलवली आणि त्या पोराचं विचारलं, नकलेतल्या. त्याच्या रक्ताचा थेंब कुणी घेतलाच नव्हता. त्याच्यापाशी फक्त कोतवालाचा एक शब्द आहे.