सूज उतरते की उतरवली जाते?

यवतमाळकडे ज्याची चटणी होते ते जवस, पुण्याकडे तीच अळशी. अळशीत संस्कृत ‘अतसी’ सरळ दिसते. जवसाचं नातं ‘यवस’, म्हणजे गवत किंवा चारा, या शब्दाशी लावतात. (यवतमाळच्या नावातला ‘यव’ पाहून कुणाला जवस आठवलं, तर मोह आवरलेला बरा. गावाच्या नावाचं ते कोडं वेगळं आहे.)

जवसाचं लॅटिन नाव ‘लिनम’. त्यावरून लिननचं कापड आलं आणि रसायनशास्त्रातलं लिनोलेनिक आम्लही. जवसाच्या तेलात साधारण निम्मं अल्फा-लिनोलेनिक आम्लच असतं. ‘तेल’ हा शब्द मात्र मुळात तिळाचा. आयुर्वेदानं तूप, तेल, वसा, मज्जा या चारींना ‘स्नेह’ म्हटलं. लिपिडसाठी आपण ‘मेद’ वापरतो. मला ‘स्नेह’ आवडला असता, पण ‘स्नेहरेणू’ वाचून एखाद्याला लग्नपत्रिकाच वाटायची.

शरीर जवसातल्या या अल्फा-लिनोलेनिक आम्लाचा थोडासाच भाग ईपीए आणि त्याहून कमी भाग डीएचए या मेदाम्लांमध्ये बदलतं. मासे खाणाऱ्यांना ही दोन्ही आयती मिळतात. या दोन आम्लांपासून बनणाऱ्या, दाह आवरणाऱ्या रेणूंना बोस्टनच्या चार्ल्स सेरहान यांच्या गटानं 2002 च्या सुमारास ‘रिझॉल्विन’ नाव दिलं. त्यामागचं लॅटिन क्रियापद सोडवणं, सैल करणं या अर्थाचं.

आता आपले शब्द पाहा. ‘दाह’ हा दह् धातूचा, जळण्याचा. ‘इन्फ्लमेशन’च्या पोटातही आगच आहे. रोमन लेखक सेल्ससनं पहिल्या शतकात दाहाच्या चार खुणा सांगितल्या: लाली, सूज, ऊष्मा, ठणका. सुजेचा संस्कृत सोयरा ‘शोथ’ श्वि धातूचा, म्हणजे फुगण्याचा. ‘शून्य’ही त्याच कुळातलं: फुगलेलं, आतून पोकळ.

पण खरी गंमत क्रियापदांत आहे. सूज येते, चढते, ओसरते, उतरते. सगळी अकर्मक, जणू नाल्याचा पूर, आपोआप आला आणि आपोआप गेला. वैद्यकालाही बराच काळ असंच वाटे, की दाह पेटवणारी रसायनं संपली की दाह विझतो. रिझॉल्विननं इथे प्रयोजक क्रियापद आणलं: सूज उतरवली जाते.

ती उतरवतात पेशीच्या पटलातून सात वेळा आरपार गेलेली प्रथिनं, म्हणजे ग्राही. (ग्रह् धातूचा हा शब्द, आपलं दुकानातलं ‘गिऱ्हाईक’ही त्याच धातूचं.) रिझॉल्विन ई1 हे केमआर23 या ग्राहीला, तर डी1 हे एफपीआर2 ला धरतं, असं प्रयोगांत दिसलं. बाहेर पकड बसली की आत संदेश जातो. मग न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशींची नवी भरती थांबते आणि महाभक्षक पेशी मेलेल्यांना गिळून जागा साफ करतात. माणसाच्या शरीरात हे रेणू पुरेशा प्रमाणात बनतात का आणि कोणता ग्राही नेमका कुणाचा, यावर शास्त्रज्ञांत अजून वाद आहे. तेव्हा चटणी चवीसाठी खावी, सांधेदुखीचं औषध म्हणून नव्हे.

मराठीत लिहिणाऱ्यांना एक विनंती. या रेणूंना ‘दाहरोधक’ म्हणू नका. ते दाहाला दारात अडवत नाहीत, त्याचं काम झाल्यावर त्याला आवरतात. ‘दाहशामक’ हा शब्द आपल्याकडे आधीपासून आहे, आणि इथे तोच नेमका बसतो.