परके दान आणि जुने पहारेकरी

मोरा बंदरातून लाँचने भाऊच्या धक्क्याला उतरले, की परळ फारसे दूर नाही. तेथील के. ई. एम. रुग्णालयात फेब्रुवारी १९६८ मध्ये डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी भारतातील पहिले हृदयरोपण केले. केपटाऊनला जगातील पहिले हृदयरोपण होऊन तेव्हा तीन महिनेही लोटले नव्हते. परळचा रुग्ण काही तासांतच दगावला. केपटाऊनचा अठरा दिवस जगला आणि न्यूमोनियाने गेला. हे दुसरे मरण आम्हांला बोधप्रद वाटते. परके हृदय शरीराने झिडकारू नये म्हणून रक्तातील रक्षक पेशी औषधांनी नमवल्या होत्या. त्या नमल्या आणि रोगजंतूंना रान मोकळे झाले.

या पेशी परके दान ओळखतात तरी कशा? १९४३ मध्ये गिब्सन व मेदावार यांनी दाखवले, की एकाच दात्याची कातडी भाजलेल्या रुग्णाला पुन्हा लावली, तर ती पहिल्यापेक्षा लवकर गळते. शरीराला स्मृती असते, हे त्यावरून कळले. पुढे १९७४ मध्ये कॅनबेरा येथे डोहर्टी व झिंकरनागेल यांना उंदरांत आढळले, की रक्षक पेशी नुसता विषाणू पाहत नाही. आपल्या पेशींवरील ओळखखूण आणि तीत धरलेला विषाणूचा तुकडा ही दोन्ही ती एकत्र पाहते. याच शोधाला १९९६ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

इथेच घोटाळ्याचे मूळ आहे. एप्स्टीन-बार नावाचा विषाणू बहुतेक प्रौढांच्या शरीरात जन्मभर निद्रिस्त असतो. १९९० नंतरच्या दशकात ऑस्ट्रेलियातील संशोधकांना दिसले, की ‘बी-८’ खुणेच्या माणसांत या विषाणूविरुद्ध तयार झालेल्या काही पेशी ‘बी-४४’ खुणेच्या परक्या पेशींवरही तुटून पडतात. तेथे विषाणू नसतो. परक्या खुणेचा आकार मात्र त्या जुन्या शत्रूसारखा भासतो. २०१० मध्ये नेदरलँड्समधील लायडेन येथे विषाणूविरोधी पेशींचे अनेक वंश तपासले, तेव्हा शेकडा ४५ वंश परक्या खुणांवर उठले.

प्रयोगशाळेत दिसले ते प्रत्येक रुग्णात घडतेच असे नाही. तथापि स्मृती असलेल्या पेशी औषधांना सहजी वश होत नाहीत. त्यांना फार दडपावे, तर निजलेला विषाणू जागा होतो. मोकळे सोडावे, तर दान धोक्यात येते. केपटाऊनच्या त्या अठरा दिवसांतला पेच वैद्यांपुढे आजही उभा आहे.