‘अितिहास’ ही चूक नव्हती : वर्ध्याची बाराखडी, सेवाग्रामचे नाव आणि नियमांचे आयुष्य

१/ जुन्या ग्रंथालयात १९४० च्या आसपासचे एखादे हिंदी पुस्तक उघडावे आणि पानोपानी ‘अिस’, ‘अुस’, ‘अेक’, ‘अितिहास’ असे शब्द दिसावेत. पहिली शंका मुद्रितशोधकाच्या डुलकीची येते. परंतु चूक एवढ्या शिस्तीने होत नसते. हे लेखन एका नियमानुसार झालेले होते आणि त्या नियमाचे एक प्रमुख केंद्र वर्धा होते. त्याच काळात वर्ध्याजवळच्या एका गावाचे नावही बदलले. गावाचे नवे नाव टिकले, नवी बाराखडी मागे पडली. असे का झाले, याचा हा धागा.

२/ नावाचा प्रश्न वर्ध्याला जन्मापासूनच चिकटलेला आहे. १८६२ मध्ये नागपूरपासून वेगळा काढून वर्धा जिल्हा करण्यात आला. मुख्यालय आधी पुलगावजवळच्या कवठ्याला होते. १८६६ मध्ये ते पालकवाडी या खेड्याच्या जागी हलले आणि तेथे आखून वसवलेल्या शहराला नदीचे नाव मिळाले.

३/ पण नदीचे नाव तरी इंग्रजीत कसे लिहायचे? डिसेंबर १८०३ च्या देवगावच्या तहाने रघूजी भोसल्यांना वर्धेच्या पश्चिमेकडील मुलूख सोडावा लागला. त्या काळच्या इंग्रजी कागदपत्रांत ही नदी ‘वुर्दा’ अशा धाटणीने अवतरते. साहेबाच्या कानाला जे ऐकू येई, ते तो आपल्या स्पेलिंगमध्ये उतरवी. एकाच गावाची तीन-चार रूपे दप्तरात असत. कोणती नोंद कोणत्या गावाची, हे ठरवणे महसुलाच्या आणि शिरगणतीच्या कामात डोकेदुखीचे होते.

४/ या गोंधळावर नियम बसवण्याचे काम विल्यम विल्सन हंटर यांच्याकडे आले. १८७१ मध्ये ते सांख्यिकी खात्याचे महासंचालक झाले. भारतीय विशेषनामे रोमन लिपीत कशी लिहावीत याची त्यांनी पद्धत घालून दिली : प्रत्येक भारतीय स्वराला ठरलेले रोमन अक्षर. १८८१ मध्ये निघालेल्या ‘इम्पीरियल गॅझेटियर’च्या पहिल्या आवृत्तीमागे हीच शिस्त उभी होती.

५/ हंटर यांची खरी हुशारी नियमापेक्षा अपवादांत दिसते. बॉम्बे, कलकत्ता, पूना अशी जी रूपे इंग्रजीत पक्की रुळली होती, त्यांना त्यांनी बहुतांशी हात लावला नाही. तर्काने ती ‘अशुद्ध’ होती. पण ती बदलायची तर असंख्य नकाशे, करार आणि पत्ते बदलावे लागले असते. नियम नव्या नोंदींना आणि कमी परिचित नावांना लागू झाला. हा मुद्दा ध्यानात ठेवावा. पुढे तो पुन्हा येणार आहे.

६/ आता वर्ध्याच्या पूर्वेला काही कोसांवर असलेल्या एका खेड्याकडे वळू. जमनालाल बजाज यांची मालगुजारी असलेल्या सेगावात ३० एप्रिल १९३६ रोजी महात्मा गांधी राहावयास आले. खेड्यात नीट रस्ता नव्हता, सोयी नव्हत्या. पण देशभरातून आणि परदेशांतून पत्रांचा ओघ मात्र तेथे सुरू झाला. आणि मग एक साधीच अडचण उभी राहिली.

७/ वऱ्हाडात, बुलढाणा जिल्ह्यात, शेगाव आहे. १९१० मध्ये समाधिस्थ झालेल्या गजानन महाराजांमुळे ते दूरवर प्रसिद्ध, आणि भुसावळ–नागपूर लोहमार्गावर त्याचे स्वतःचे स्थानकही. ‘सेगाव’ आणि ‘शेगाव’ यांच्या रोमन स्पेलिंगमध्ये एका अक्षराचा फरक, आणि बोलताना तोही पुष्कळदा उरत नसे. गांधीजींची पत्रे चुकून त्या दुसऱ्या गावी जाऊ लागली.

८/ आजच्या संगणकीय भाषेत याला ‘नेम कोलिजन’ म्हणतात : दोन वेगळ्या वस्तू, पण हाक मारायला जवळजवळ एकच नाव. उपाय १९४० मध्ये झाला. सेगावचे ‘सेवाग्राम’ झाले. नव्या नावाने दुसऱ्या कोणत्याही मोठ्या गावाशी गल्लत होत नव्हती. शिवाय आद्याक्षर कायम राहिले आणि तेथे चाललेल्या कामाचा अर्थही नावात आला. पुढे ‘वर्धा पूर्व’ हे रेल्वे स्थानकही सेवाग्राम झाले.

९/ याच वर्षांत वर्ध्यात एक अधिक महत्त्वाकांक्षी प्रयोग चालू होता. १९३५ मध्ये इंदूरला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली हिंदी साहित्य संमेलन भरले आणि नागरी लिपीच्या सुधारणेसाठी समिती नेमली गेली. तिची धुरा काका कालेलकरांकडे होती : मूळचे साताऱ्याचे, मातृभाषा मराठी, लेखनाचा संसार मुख्यतः गुजरातीत. १९३६ मध्ये वर्ध्याला राष्ट्रभाषा प्रचार समिती स्थापन झाली आणि तिच्या प्रकाशनांत ‘अ’ची बाराखडी वापरली जाऊ लागली.

१०/ या बाराखडीचा तर्क देखणा आहे. ‘क’ला वेलांटी दिली की ‘कि’ होतो, उकार दिला की ‘कु’. मग ‘अ’ला वेलांटी देऊन ‘अि’ आणि उकार देऊन ‘अु’ का नको? ‘आ’, ‘ओ’, ‘औ’ तर आधीपासून ‘अ’वरच उभे आहेत. नियम सर्वत्र लावला की इ, ई, उ, ऊ, ए, ऐ ही सहा स्वतंत्र चिन्हे गळतात. शिकणाऱ्याचे ओझे हलके, टंकयंत्राच्या कळा कमी, आणि शेकडो खिळ्यांच्या घरांसमोर उभ्या असलेल्या जुळाऱ्याचे काम सोपे.

११/ राजकारणात गांधीजींच्या विरुद्ध टोकाला असलेले विनायक दामोदर सावरकरही लिपिशुद्धीच्या आपल्या मोहिमेत याच बाराखडीचा पुरस्कार करीत होते. शेजारच्या गुजरातीत तर ए, ऐ, ओ, औ हे स्वर ‘अ’च्या रूपावर मात्रा देऊनच लिहिले जातात. म्हणजे कल्पना विक्षिप्त नव्हती आणि तिला वजनदार पाठीराखेही होते. तरीही ती मागे पडली.

१२/ स्वातंत्र्याच्या सुमारास संयुक्त प्रांताच्या सरकारने नेमलेल्या आचार्य नरेंद्र देव समितीने ‘अ’ची बाराखडी स्वीकारली नाही. पण समितीच्या निर्णयापेक्षा रोजचा व्यवहार अधिक बोलका आहे. समितीच्या पुस्तकात ‘अिस’ वाचणाऱ्या विद्यार्थ्याला वर्तमानपत्रात, दुकानाच्या पाटीवर आणि घरच्या पोथीत ‘इस’च दिसत असे. त्याचे ओझे हलके होण्याऐवजी दुप्पट झाले : नवे रूप शिकायचे आणि जुने विसरायचेही नाही.

१३/ दोन्ही बदलांचा हिशेब शेजारी मांडून पाहावा. सेवाग्राममध्ये बदलायची वस्तू एक होती, त्रास रोजचा होता आणि पत्ता बदलल्याचा लाभ लगेच मिळत होता. बाराखडीत बदलायचे होते कोट्यवधी हात आणि डोळे. लाभ पुढच्या पिढीचा, खर्च मात्र आजच्या प्रत्येक वाचकाचा. शिवाय साक्षर माणसाला ‘इ’चा त्रास मुळी होतच नव्हता.

१४/ असाच हिशेब वेबच्या जन्मकाळीही झाला. वाचक कोणत्या पानावरून आला हे ब्राउझर सर्व्हरला कळवतो. त्या नोंदीचे नाव ‘रेफरर’. १९९६ च्या एचटीटीपी दस्तऐवजात त्याचे स्पेलिंग चुकले. मधला एक ‘आर’ गळाला. चूक ध्यानात येईपर्यंत असंख्य प्रोग्राम तेच स्पेलिंग वापरू लागले होते. ती आजही तशीच आहे. नंतर आलेल्या ‘रेफरर पॉलिसी’ या नोंदीत मात्र स्पेलिंग बरोबर आहे. म्हणून वेबवर शुद्ध आणि अशुद्ध रूपे सुखाने शेजारी नांदतात.

१५/ वेब प्रोग्रामरांच्या चमूंत आज नावांचे कडक नियम असतात : दोन शब्द अधोरेषेने जोडायचे, की दुसऱ्या शब्दाचे आद्याक्षर मोठे करायचे? नियम मोडला की ‘लिंटर’ नावाचा तपासनीस प्रोग्राम लगेच बोट ठेवतो. या जातीचा मूळ प्रोग्राम ‘लिंट’ १९७८ मध्ये बेल लॅब्जमध्ये स्टीफन जॉन्सन यांनी लिहिला. तपासनीस यंत्र आले तरी जुना प्रश्न सुटलेला नाही. म्हणून अनुभवी चमू नियम नव्या कोडला लावतात आणि चालत्या जुन्या कोडला जपून हात घालतात. हंटर यांनी पूना आणि कलकत्त्याबाबत केले ते हेच.

१६/ इतिहासाच्या अभ्यासकाला या कथेची झळ आज वेगळ्याच ठिकाणी लागते. युनिकोडमध्ये ‘इ’ला स्वतःचा एक क्रमांक आहे, ‘अि’ मात्र ‘अ’ आणि वेलांटी अशा दोन क्रमांकांनी बनते. डोळ्याला दोन्ही एकाच स्वराची रूपे. संगणकाला निरनिराळी अक्षरे. डिजिटल संग्रहात ‘इतिहास’ शोधला तर साधी शोधयंत्रणा ‘अितिहास’ दाखवीत नाही. पुस्तक संग्रहात असते आणि तरीही शोधणाऱ्यापुरते नाहीसे झालेले असते.

१७/ म्हणून १९३० ते १९५० च्या दरम्यानचे गांधीवादी साहित्य किंवा लिपिसुधारकांचे लेखन धुंडाळताना प्रत्येक शब्द दोन्ही बाराखड्यांत शोधावा : ‘उद्योग’ आणि ‘अुद्योग’, ‘एकता’ आणि ‘अेकता’. आणि जुना मजकूर टंकित करताना मूळ रूप गुपचूप ‘दुरुस्त’ करू नये. ते रूप हाच एक पुरावा आहे. मूळ तसेच ठेवून प्रचलित रूप सोबत नोंदवले, तर पुरावाही राहतो आणि शोधही लागतो.

१८/ शेवटी एक छोटी गंमत. इंग्रजी शब्दांतील स्वरासाठी मराठीला नवे अक्षर हवे होते. ते आले ‘अ’वर चंद्र ठेवून : ‘ॲ’. २००८ मध्ये युनिकोडने त्याला स्वतंत्र क्रमांक दिला आणि २००९ च्या शासन निर्णयाने मराठी वर्णमालेत त्याला जागा दिली. ‘अ’वर चिन्ह चढवून स्वर घडवण्याची युक्ती येथे बिनविरोध रुजली, कारण या वेळी तिने कोणाचेही जुने अक्षर काढून घेतले नव्हते. ‘ॲप’ लिहिणाऱ्या प्रत्येकाच्या बोटांखाली, त्याला ठाऊक नसले तरी, वर्ध्याच्या बाराखडीचा तर्क आहे.