टेंभलीचा फॉर्म: आधारने काय लक्षात ठेवलं, काय सोडलं

मी विसरवाडीचा, म्हणजे नवापूर तालुक्यातला, सुरत-धुळे हायवेवरचा. आमच्या गावाच्या नावावरून 'विसरलास का रे?' हा जोक मी शाळेपासून ऐकतोय. आजचा विषयही जरा तसाच आहे: एखादी सिस्टिम बनवताना काय लक्षात ठेवायचं आणि काय मुद्दाम सोडून द्यायचं.

सॉफ्टवेअरवाले कोड लिहिण्याआधी एक काम करतात. आपल्याला जगातल्या कुठल्या गोष्टींशी घेणंदेणं आहे, प्रत्येकीची कोणती माहिती हवी आणि त्यांचं एकमेकींशी नातं काय, हे कागदावर मांडतात. याला म्हणतात कॉन्सेप्च्युअल मॉडेल. १९७६ साली पीटर चेन यांनी यासाठी आकृतीची पद्धत दिली: वस्तूंना चौकोन, नात्यांना शंकरपाळ्यासारखा आकार. कॉम्प्युटर सायन्सची पोरं आजही परीक्षेत तेच काढतात.

आता याचं देशातलं बहुतेक सगळ्यात मोठं उदाहरण कुठून सुरू झालं? आपल्याच जिल्ह्यातून! २९ सप्टेंबर २०१० ला शहादा तालुक्यातल्या टेंभली गावात पंतप्रधान मनमोहन सिंग आणि सोनिया गांधी यांच्या हस्ते पहिले आधार क्रमांक दिले गेले. पहिला क्रमांक रंजना सोनवणे यांचा. फोटो सगळ्यांनी पाहिला. पण खरी गोष्ट त्याच्या आधीची आहे.

२००९ च्या शेवटी माजी केंद्रीय दक्षता आयुक्त एन. विठ्ठल यांच्या समितीने माणसाची कोणती माहिती घ्यायची ते ठरवलं. मुख्य गोष्टी चारच: नाव, जन्मतारीख, लिंग, पत्ता. मोबाइल नंबर ऐच्छिक. लिंगाच्या रकान्यात पर्याय तीन, आणि तेही सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या तृतीयपंथीयांबद्दलच्या निकालाआधी. जात, धर्म, उत्पन्न? काहीच नाही. पुढे २०१६ च्या कायद्यात तर स्पष्टच लिहिलं की वंश, धर्म, जात, जमात, भाषा, उत्पन्न, आजारपणाचा इतिहास हे घ्यायचं नाही. म्हणजे सुरुवात झाली आदिवासी जिल्ह्यात, पण माणूस भिल्ल की कोकणी की मावची, हे त्या नोंदीला माहीतच नाही.

नंबरचंही तसंच. पॅन कार्डावरचं पाचवं अक्षर तुमच्या आडनावाचं असतं. आधारचे १२ आकडे मात्र तुमच्याबद्दल काहीच सांगत नाहीत. शेवटचा आकडा फक्त पडताळणीचा. डच गणिती व्हरहूफ यांच्या पद्धतीने काढलेला. एखादा आकडा चुकला किंवा शेजारचे दोन उलटसुलट झाले, तर लगेच पकडला जातो.

इथपर्यंत भारी आहे. आता अडचण बघा.

पत्त्याच्या फॉर्ममध्ये घर नंबर, गल्ली, खूण, गाव, पोस्ट, पिन. आमच्याकडे लोक पाड्यांवर राहतात. घराला नंबर नाही, गल्ली तर नाहीच. मग पाडा कुठल्यातरी दुसऱ्या रकान्यात कसाबसा बसवायचा.

त्याहून मोठी अडचण जन्मतारखेची. मॉडेल करणाऱ्यांना माहीत होतं की कित्येकांकडे दाखलाच नसणार. म्हणून तारखेसोबत तिचा प्रकारही ठेवला: कागदावरून तपासलेली, तोंडी सांगितलेली किंवा अंदाजे. हुशारीचं काम! पण हा प्रकार कार्डावर छापला जात नाही. तिथे दिसते नुसती तारीख किंवा वर्ष. म्हणून आमच्याकडे आज्या-आजोबांचे वाढदिवस एकगठ्ठा १ जानेवारीला! हसू येतं, पण श्रावणबाळ योजनेचं निवृत्तीवेतन ६५ व्या वर्षी मिळतं. कुणीतरी घाईत टाकलेल्या अंदाजाने दोन वर्षं कमी धरली, तर म्हातारीने दोन वर्षं थांबायचं का?

ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अपघात भरपाईच्या एका खटल्यात वय ठरवायला आधारऐवजी शाळा सोडल्याचा दाखला धरला. प्राधिकरणानेही आधार हा जन्मतारखेचा पुरावा नाही असं म्हटलंय. म्हणजे मॉडेलला २०१० पासून ठाऊक असलेली शंका काउंटरवरच्या माणसापर्यंत पोचायला इतकी वर्षं लागली. आणि सगळ्या काउंटरवर ती अजून पोचलीय असं मला वाटत नाही.

तुमच्यातले जे ॲप, वेबसाइट बनवायला शिकताय, त्यांना माझं एवढंच सांगणं आहे. रकाना ठरवताना 'काय माहीत आहे' याच्या शेजारी 'कशावरून माहीत आहे' हेही ठेवा. आणि ते डेटाबेसमध्ये लपवू नका, स्क्रीनवर दिसू द्या. फॉर्म तुम्ही एकदाच बनवता. त्यात बसण्यासाठी लोक आयुष्यभर खेटे घालतात.

बाकीच्यांनी आज घरी जाऊन आजी-आजोबांचं आधार आणि असेल तर शाळेचा दाखला शेजारी ठेवून बघा. फरक सापडला तर कमेंटमध्ये सांगा, फक्त नंबर टाकू नका हां! भेटू पुढच्या भागात.