कैदी बायकांची गोधडी

स्मरणिकेसाठी काही लिहा असे चिटणीसबाईंनी सांगितले, तेव्हा मी आधी नाहीच म्हटले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. परंतु एका इंग्रज बाईची हकीकत वाचनात आली आणि ती मंडळाला सांगावीशी वाटली. तीही आपल्यासारखी संसारी होती, आणि तिनेही एक महिला मंडळच काढले होते.

एलिझाबेथ फ्राय हिचा जन्म १७८० साली इंग्लंडातील नॉरिच गावी झाला. घराणे सधन, क्वेकर या ख्रिस्ती पंथाचे. १८०० साली लग्न झाले व पुढे तिला अकरा मुले झाली. १८१३ साली लंडनच्या न्यूगेट तुरुंगातील बायकांचे हाल तिच्या कानी आले. तान्ह्या मुलांसाठी गरम कपडे घेऊन ती तेथे गेली. सुमारे तीनशे बायका व मुले दाटीवाटीने कोंडलेली होती. स्वयंपाक, धुणे आणि निजणे एकाच जागी. शिक्षा झालेल्या आणि खटला चालू असलेल्या सगळ्या एकत्र, अंथरूण नाही. आत जाऊ नका, असे अधिकारीच सांगत. तरी ती आत गेली.

पुढली तीन वर्षे बाळंतपणे व आजारपणे यांत गेली. एक लहान मुलगीही दगावली. १८१६ च्या अखेरीस ती पुन्हा तुरुंगात गेली आणि कैदी आयांना विचारले, की या निरपराध मुलांसाठी आपण काही करू या का? उपदेश नाही, विचारणा! बायकांनी आपल्यातूनच एक शिक्षिका निवडली व शाळा सुरू झाली.

१८१७ साली तिने दहा-बारा बायकांचे मंडळ स्थापिले. शिवण व विणकाम सुरू झाले. वागणुकीचे नियम वाचून दाखविले, आणि प्रत्येक नियमाला कैदी बायकांनी हात वर करून संमती दिली. १८१८ साली पार्लमेंटच्या समितीपुढे तिची साक्ष झाली. १८२३ च्या कायद्याने बायकांच्या देखरेखीस बायकाच नेमण्याचे ठरले.

सगळेच साधले असे नाही. खोट्या नोटा चालविल्याबद्दल हॅरिएट स्केल्टन या बाईला फाशीची शिक्षा झाली होती. तिच्यासाठी फ्रायबाईंनी गृहमंत्र्यांपर्यंत खटपट केली. पण १८१८ साली फाशी झालीच. तरी तुरुंगात जाणे त्यांनी सोडले नाही. कैद्याला भेटणे ही प्रत्यक्ष आपलीच सेवा, असे येशूने सांगितले आहे, यावर त्यांची श्रद्धा होती.

जहाजाने ऑस्ट्रेलियाकडे पाठविल्या जाणाऱ्या कैदी बायकांना हे मंडळ सुई, दोरा, कात्री व चिंध्यांची पिशवी देई. १८४१ साली ‘राजा’ नावाच्या जहाजावरील बायकांनी प्रवासात त्या चिंध्यांची एक मोठी गोधडी शिवली व मंडळाचे आभार त्यावर भरतकामाने लिहिले. ती आज ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय कलासंग्रहालयात आहे. फ्रायबाई १८४५ साली वारल्या.

गोधडीचे वाचले आणि मला आमच्या आळीतील एक घर आठवले. त्या घरचा कर्ता मुलगा तुरुंगात गेला, तेव्हापासून त्याच्या आईला हळदीकुंकवाचे बोलावणे गेलेले नाही. त्या बाईने कोणाचे काय केले होते? पण ‘लोक काय म्हणतील’ म्हणून मीही तिचे दार टाळून पुढे गेले आहे, एकदा नव्हे, अनेकदा. फ्रायबाई तुरुंगाच्या दारातून आत गेल्या. मला शेजारचे दार ओलांडवले नाही.

यंदा चैत्राच्या हळदीकुंकवाचे बोलावणे करण्याचे काम माझ्याकडे आहे. पहिले बोलावणे त्या घरी करीन. आपण सर्वांनी त्या दिवशी तिच्याशी दोन शब्द बोलावे, एवढीच विनंती.